प्रोबायोटिकची छोटी बाटली घेण्याआधी

"दादा, ती पाण्यासारखी पांढरी बाटली द्या, पोटाची." बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या मेडिकलच्या काउंटरवर हे वाक्य आठवड्यातून चार-पाचदा तरी कानावर पडतं. कुणी बाटली म्हणतं, कुणी कॅप्सूल, कुणी 'ते दह्याचं औषध'. कशाला हवंय विचारलं की उत्तरं ठरलेली. गॅस धरतोय, पोट साफ होत नाही, लग्नात जेवल्यापासून ढाळ लागलेत, नाहीतर मोबाइलवर बघितलं.

गेल्या पावसाळ्यात खानापूरकडची एक आज्जी आली. "पोट लई गुडगुडूलालंय रे बाळा," म्हणाली आणि पदराची गाठ सोडून नोटा काढायला लागली. दहा बाटल्या हव्या होत्या. बसवून विचारलं तेव्हा कळलं, तीन आठवड्यांपूर्वी पोट बिघडलं म्हणून कुठल्याशा दुकानातून चिठ्ठीशिवायच अँटिबायोटिकची पट्टी आणून खाल्ली होती, तेव्हापासून पोट जाग्यावर नाही. घरी दोन म्हशी. दूध सगळं डेअरीला, दही-ताक घरात उरतच नाही. भाकरी दातांमुळे सुटलेली, दोन्ही वेळा मऊ भात आणि आमटीचं वरचं पाणी.

तिला मी दोनच बाटल्या दिल्या आणि बाकीच्या पैशांचं काय करायचं ते सांगितलं. तेच इथं सविस्तर लिहितोय. मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नव्हे. पण या विषयात नवीन माणूस नेमका कुठं चुकतो ते काउंटरच्या या बाजूनं चांगलं दिसतं. तो शेवटच्या पायरीपासून सुरुवात करतो.

आत कोण राहतं

साधारण ७० किलोच्या माणसाच्या अंगात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू असतात, असा अंदाज २०१६ साली शास्त्रज्ञांनी मांडला. आपल्या स्वतःच्या पेशी सुमारे ३० लाख कोटी. म्हणजे जवळपास बरोबरीचा मामला. 'पेशींच्या दहापट जंतू' हे अजून सगळीकडे फिरणारं वाक्य आता जुनं झालं. या सगळ्या जिवाणूंचं वजन मिळून २०० ग्रॅमच्या आसपास भरतं आणि त्यातले बहुतेक राहतात मोठ्या आतड्यात.

लहान आतड्यात जे पचलं नाही, म्हणजे भाकरीचा कोंडा, डाळीची सालं, भाजीचा चोथा, ते मोठ्या आतड्यात पोचतं आणि हे जिवाणू त्याला आंबवतात. त्यातून काही आम्लं तयार होतात. त्यातलं ब्युटिरेट नावाचं आम्ल हे मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशींचं मुख्य इंधन. शिवाय जागा अडवून बसल्यामुळे हे जिवाणू बाहेरच्या वाईट जंतूंना सहजासहजी बस्तान बसवू देत नाहीत. आंबवण्यात गॅस होतोच. दिवसातून काही वेळा वारा सरणं हा आजार नव्हे. लोकांना हे सांगितलं की ते हसतात, पण निम्म्या तक्रारी तिथंच संपतात.

आता 'प्रोबायोटिक' म्हणजे काय? जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञांनी २००१ साली व्याख्या केली ती अशी: जिवंत सूक्ष्मजीव, पुरेशा प्रमाणात घेतले तर आरोग्याला फायदा करणारे. तीन अटी आहेत आणि तिन्ही लागतात. जिवंत हवेत, पुरेसे हवेत, आणि फायदा तपासून दाखवलेला हवा. 'प्रीबायोटिक' हा शब्द १९९५ सालचा. म्हणजे या जिवाणूंचं खाद्य, मुख्यतः काही प्रकारचे तंतू. नावं सारखी असल्यानं गोंधळ होतो. एक पाहुणा, दुसरं त्याचं जेवण.

पाहुणा हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. गावच्या लक्ष्मी यात्रेला घर पाहुण्यांनी भरतं, चार दिवस गजबज असते, पाचव्या दिवशी सगळे आपापल्या एस्टीला लागतात. कॅप्सूलमधले जिवाणू बहुतेकांच्या पोटात असेच येऊन जातात. घेणं थांबवलं की काही दिवसांत किंवा आठवड्यांत त्यांचा मागमूस राहत नाही. कायम राहणारे असतात ते घरचे. त्यांना रोज काय खायला घालतो यावर पोटाचा कारभार चालतो.

पहिली पायरी: वही

काहीही विकत घेण्याआधी दोन आठवडे वहीत लिहा. काय खाल्लं, किती वाजता, पोट कधी फुगलं, शौच कशी झाली. शौचाचं वर्णन करायला लाजायचं कारण नाही, त्यासाठी डॉक्टर लोक एक तक्ता वापरतात. ब्रिस्टल तक्ता, १९९७ सालचा, सात प्रकारांचा. १ म्हणजे शेळीच्या लेंड्यांसारखे सुटे कडक गोळे, ७ म्हणजे निव्वळ पाणी. ३ आणि ४ ठीक. वहीत नुसता आकडा टाकला तरी चालतं.

लिहिलं की गंमत होते. एका गिऱ्हाइकाला वाटत होतं त्याला दही बाधतं. वही बघितली तर त्रास दर रविवारी-सोमवारी. कॅम्पातली बिर्याणी दह्याच्या नावावर खपत होती.

काही गोष्टी असतील तर मात्र वही नको, दही नको, थेट डॉक्टर: शौचातून रक्त, डांबरासारखी काळी शौच, न ठरवता उतरलेलं वजन, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, सोबत ताप, रक्त कमी झाल्याचा रिपोर्ट, किंवा पन्नाशीनंतर अचानक बदललेली शौचाची सवय. यात प्रोबायोटिक घेत बसणं म्हणजे दिवस घालवणं. असे दिवस घालवलेली माणसं मी बघितलीत.

दुसरी पायरी: ताट

जागतिक आरोग्य संघटनेची २०२३ ची शिफारस अशी की मोठ्या माणसानं दिवसाला किमान २५ ग्रॅम तंतू अन्नातून घ्यावेत. मैद्याचा पाव, पांढरा भात, पातळ आमटी यावर जगणाऱ्याचं हे गणित जमत नाही. आपल्या भागात खरं तर ते जमायला काहीच हरकत नाही. ज्वारीची भाकरी, हुलग्याची नाहीतर मटकीची उसळ, शेंगाची चटणी, कारळ्याची, जवसाची, अंबाडीची भाजी, सोबत बुक्कीनं फोडलेला कांदा. कांद्यात आणि लसणात जिवाणूंना आवडणारे तंतू असतात. शिजवून थंड केलेल्या भातात आणि कच्च्या केळ्यात न पचणारा स्टार्च असतो, तोही थेट त्यांच्याच वाट्याला जातो. पालेभाजी निवडताना कोवळे देठ फेकू नका.

पण हे हळू करा. इथं माझीच फजिती सांगतो. काही वर्षांपूर्वी मी एका सोमवारी ठरवलं की आजपासून सुधारायचं. सकाळी दोन चमचे जवस, नाश्त्याला मोड आलेली मटकी कच्ची, दुपारी तीन भाकऱ्या आणि हुलगे, संध्याकाळी दुकानातलीच एक कॅप्सूल. बुधवारी पोट गणपतीच्या मिरवणुकीतल्या ढोलासारखं. शर्टाचं खालचं बटण लागेना. गुरुवारी सगळं बंद केलं आणि 'हे मला सोसत नाही' असा निकाल दिला. यातलं नेमकं काय सोसलं नाही ते मला आजही सांगता येणार नाही, कारण चारही गोष्टी एकाच दिवशी सुरू केल्या होत्या.

तेव्हापासून नियम एकच: एका आठवड्यात एकच बदल. पहिल्या आठवड्यात रात्रीच्या भाताऐवजी एक भाकरी. दुसऱ्या आठवड्यात उसळ एक दिवसाआड, नीट शिजवलेली, आणि भिजवलेलं पाणी ओतून दिलेलं. चटण्या एकेक चमच्यानं. तंतू वाढवले की पाणीही वाढवायचं, नाहीतर चोथा कोरडाच पुढं सरकतो आणि मलावरोध उलट वाढतो. दात नसलेल्यांनी भाकरी ताकात किंवा आमटीत कुस्करून खावी. त्या आज्जीलाही तेच सांगितलं. "काला म्हण की सरळ," म्हणाली.

फार फुगत असेल, आणि कांदा, लसूण, हुलगे यांनीच फुगत असेल, तर आतड्याच्या नाजूकपणाचा आजार असू शकतो. त्याला डॉक्टर आयबीएस म्हणतात. अशा माणसाला हीच यादी उलटी पडते. त्यानं आहारतज्ज्ञाला विचारून पुढं जावं.

तिसरी पायरी: दही, घरचं

दुधाचं दही करतात ते मुख्यतः लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू. ते दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, खातात आणि आम्ल सोडतात, त्यानं दूध आळतं. ज्यांना दूध प्यायलं की पोट बिघडतं त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना दही चालतं ते यामुळेच. थोडं लॅक्टोज आधीच संपलेलं असतं आणि उरलेलं पचवायला त्या जिवाणूंचंच पाचकद्रव्य पोटात मदत करतं.

काटेकोरपणे बोलायचं तर घरचं दही 'प्रोबायोटिक' नव्हे. त्यात कोणती जात किती आहे ते कुणी मोजलेलं नसतं, आणि दर घरचं विरजण वेगळं. आमच्या शेजारच्या अक्कांचं विरजण गोडसर, आमचं आंबट. दूध एकाच गवळ्याचं. म्हणून दही टाकाऊ ठरत नाही. जिवंत जिवाणू, प्रथिनं, कॅल्शियम आणि कमी खर्च, एवढं एका वाटीत दुसरं काय देतं?

बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर. इथला पावसाळा आणि थंडी दह्याची परीक्षा घेते. जुलैत भिंतींना ओल सुटते आणि दही बारा तासांनीसुद्धा दुधासारखंच हलतं. आमच्या घरी आई काय करते ते जसंच्या तसं सांगतो.

अर्धा लिटर दूध उकळी येऊन चार-पाच मिनिटं मंद आचेवर ठेवते. पिशवीचं दूध असलं तरी. उष्णतेनं दुधातली काही प्रथिनं उलगडतात आणि दही घट्ट लागतं. मग निवू देते. किती? स्वच्छ धुतलेली करंगळी बुडवून सावकाश पाचपर्यंत मोजता आलं पाहिजे, चटका बसता कामा नये, पण ऊब नीट जाणवली पाहिजे. थर्मामीटर असेल तर ४० ते ४५ अंशांच्या मध्ये. याहून गरम दुधात विरजण टाकलं तर जिवाणू मरतात, याहून थंडात ते सुस्तावतात. विरजण एक छोटा चमचा, आदल्या दह्याच्या मधल्या भागातून घेतलेलं. वरची निवळी नको. ते वाटीत थोड्या दुधात घोटून मग सगळ्यात मिसळायचं. जास्त विरजण घातलं की दही आंबट होतं.

मग भांडं झाकून तांदळाच्या डब्यात. थंडीत आधी जुन्या टॉवेलात गुंडाळून. चूल होती तेव्हा आज्जी वैलाजवळ ठेवायची, म्हणजे निखाऱ्याची ऊब पुरायची. उन्हाळ्यात पाच-सहा तास, पावसाळ्यात आठ-दहा, डिसेंबरात रात्रभर. लागताना भांडं हलवायचं नाही. लागलं की फ्रिजमध्ये, आणि तीन-चार दिवसांत संपवायचं. खानापूरच्या कुंभारकामातलं मातीचं भांडं मिळालं तर जरूर घ्या. मातीत थोडं पाणी शोषलं जातं आणि दही चमच्यानं कापावं असं लागतं. फक्त ते भांडं उकळत्या पाण्यानं धुऊन उन्हात वाळवायला विसरू नका.

दह्याला तार सुटली, म्हणजे चमचा उचलल्यावर चिकट दोरी आली, तर विरजणात वेगळ्या जातीचे जिवाणू वरचढ झालेत. विरजण बदला. गुलाबी, हिरवा, काळा ठिपका किंवा घाण वास आला तर वरचं काढून खालचं खाण्याची काटकसर नको, सगळं टाका. आणि विरजण संपलंच तर शेजारी मागा, फक्त दिवे लागायच्या आधी. आमच्या गल्लीत तिन्हीसांजेला विरजण देत नाहीत, मग भाषा मराठी असो की कन्नड. तेही जमलं नाही तर कोमट दुधात वाळलेल्या संकेश्वरी मिरचीचे पाच-सहा देठ टाकून बघा. देठांवर रानटी जिवाणू असतात. पहिलं दही पातळ आणि विचित्र लागतं, ते फक्त पुढच्या दह्याचं विरजण म्हणून वापरायचं.

दह्यात मीठ टाकलं की सगळे जिवाणू मरतात असा एक मेसेज फिरतो. चिमूटभर मिठानं असं काही होत नाही. रात्री दही बाधतं असा अनुभव असेल तर दुपारी खा.

ताक, आंबील, आणि ज्यांना उगाच श्रेय मिळतं ते

एका वाटी दह्यात तीन वाट्या पाणी घालून घुसळलं की ताक. जिवाणू तेच, थोडे पातळ. वरून जिरं-हिंगाची फोडणी चालते, कारण चमचाभर गरम तेलानं अख्खं ताक तापत नाही. कढी मात्र उकळतो आपण. कढीत जिवंत काही उरत नाही. म्हणून कढी सोडा असं मी कुणाला सांगणार नाही, रविवारी मीच दोन वाट्या पितो. फक्त ती जिवाणूंच्या खात्यात मांडू नका.

इडली-डोशाचं तसंच. पीठ आंबवणाऱ्यांत ल्युकोनोस्टॉक नावाचा जिवाणू पुढं असतो, पण वाफेवर तो मरतो. आंबवण्याचा फायदा उरतो, पीठ हलकं होतं, काही खनिजं शोषली जायला सोपी होतात. जिवंत जिवाणू उरत नाहीत. लोणच्यात मीठ आणि तेल एवढं असतं की त्यावर भरवसा ठेवू नये. आणि कुंदा ही आमची बेळगावची मिठाई दुधाचीच असते हे मला गिऱ्हाइकांनी हसत-हसत सांगून झालंय.

आंबील मात्र आपल्या भागाची खरी श्रीमंती. यल्लम्माच्या नावानं आंबील-घुगऱ्या झाल्या की मग वर्षभर कुणी विचारत नाही, ते चुकतं. रीत सोपी आहे. तीन चमचे ज्वारीचं किंवा नाचणीचं पीठ रात्री अर्धी वाटी ताकात कालवून झाकून ठेवा. सकाळी दोन-अडीच पेले पाणी उकळा, पीठ त्यात ओतत ढवळत राहा, सात-आठ मिनिटं शिजवा. गाठी होऊ देऊ नका. मीठ टाकून खाली उतरवा आणि पूर्ण निवू द्या. निवल्यावर त्यात दीड वाटी ताजं ताक, ठेचलेला लसूण, जिरं, कोथिंबीर. इथं घाई केली की मुद्दाच जातो. रात्री आंबवताना वाढलेले जिवाणू शिजवताना मेले, जिवंत येतात ते शेवटच्या ताकातून. गरम आंबिलीत ताक ओतलं तर तेही गेले, वर ताक फुटतं ते वेगळंच.

शिळ्या भातात ताक घालून खाणाऱ्यांना एक सूचना. भात शिजल्यावर रात्रभर ओट्यावर उघडा ठेवू नका. बॅसिलस सेरियस नावाचा जंतू त्यात वाढतो आणि त्याचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये, सकाळी ताक. तसं केलं तर उत्तम नाश्ता.

शेवटची पायरी: आता दुकानात या

महिना-दीड महिना ताट आणि दही नीट चाललं, तरी काही कारणांसाठी औषधी प्रोबायोटिक उपयोगी पडतं. सगळ्यात भक्कम कारण म्हणजे अँटिबायोटिकचा कोर्स. अँटिबायोटिक चांगल्या-वाईटात भेद करत नाही, म्हणून बऱ्याच जणांना मधेच जुलाब लागतात. काही विशिष्ट जाती त्या जुलाबांचा धोका कमी करतात, याला बऱ्यापैकी पुरावा आहे. पण २०१८ साली इस्राएलमधल्या संशोधकांना एक उलटी गोष्टही दिसली. अँटिबायोटिकनंतर अनेक जातींचं प्रोबायोटिक घेणाऱ्यांच्या पोटातली मूळ वस्ती परत बसायला, काहीच न घेणाऱ्यांपेक्षा जास्त वेळ लागला. म्हणून कोर्सपुरतं आणि नंतर थोडे दिवस, एवढंच. सहा महिने नको.

आयबीएस, रोजचा गॅस, मलावरोध यांत काहींना फरक पडतो, काहींना अजिबात नाही. अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२० च्या मार्गदर्शिकेत पोटाच्या बहुतेक आजारांत प्रोबायोटिकची सरसकट शिफारस करायचं नाकारलं. मी गिऱ्हाइकाला म्हणतो, चार आठवडे एकच प्रकार घेऊन बघा, वहीत फरक दिसला नाही तर बंद करा, दुसऱ्या कंपनीच्या मागं लागू नका. आंबट ढेकरा आणि छातीतली जळजळ यासाठी ते नाहीच.

दुकानात प्रामुख्यानं तीन तऱ्हा मिळतात. एक, लॅक्टोबॅसिलस आणि बायफिडोबॅक्टेरियम गटाच्या कॅप्सूल किंवा पावडरी. यातल्या बऱ्याच थंड जागी ठेवाव्या लागतात. दुसरी, बॅसिलस क्लॉसीचे बीजाणू. हीच ती पाण्यासारखी बाटली, सर्रास मिळणाऱ्या ५ मिलिलिटरच्या बाटलीत २०० कोटी बीजाणू. बीजाणू म्हणजे कवचात झोपलेला जिवाणू, त्यामुळे बाहेरच्या तापमानाला टिकतो. पावसात आठ-आठ तास लाइट जाणाऱ्या खेड्यासाठी ही गोष्ट महत्त्वाची. तिसरी, सॅकरोमायसिस बुलार्डी. हा जिवाणू नाही, यीस्ट आहे. १९२० च्या दशकात आंरी बुलार या फ्रेंच शास्त्रज्ञाला इंडोचायनात लिची आणि मँगोस्टीनच्या फळांवर सापडला. यीस्ट असल्यानं अँटिबायोटिक त्याला मारत नाही.

खोक्यावर काय वाचायचं? जातीचं पूर्ण नाव, शेवटच्या अक्षर-आकड्यांसकट. 'लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस जीजी' यात 'जीजी' हा खरा पत्ता. एकाच आडनावाच्या दोन भावांचे स्वभाव वेगळे असतात तसं हे. जीजीवर झालेला अभ्यास दुसऱ्याला लागू होत नाही. २०२० साली लॅक्टोबॅसिलसचं कुटुंब शास्त्रज्ञांनी पंचवीस गटांत वाटलं, त्यामुळे नव्या खोक्यांवर 'लॅक्टिकेसीबॅसिलस' असं नाव दिसेल. घाबरू नका, माणूस तोच. मग संख्या, सीएफयू, म्हणजे वाढू शकणारे जिवंत जिवाणू किती ते. इंग्रजी बिलियन म्हणजे आपले १०० कोटी. अन्न म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रोबायोटिकसाठी आपल्या देशाच्या अन्न प्राधिकरणानं दिवसाला किमान १० कोटींची अट घातलीय. दहा जाती आणि पाच हजार कोटींचा आकडा मोठ्या टायपात छापलेला दिसला म्हणून ते औषध जास्त गुणकारी ठरत नाही. संख्या तयार करतानाची आहे की मुदत संपेपर्यंतची, तेही बघा. मुदतीची तारीख अर्थात पहिली. दह्यासारखी गोड पेयं घेत असाल तर मागच्या बाजूला साखर किती ते वाचा, मधुमेह असेल तर आधी तेच.

अँटिबायोटिक सोबत असेल तर जिवाणूंची कॅप्सूल दोन तासांच्या अंतरानं. गरम चहात, गरम दुधात, गरम पेजेत कधीच नाही. कॅप्सूल फोडून चहात ढवळणारे भेटलेत मला. पहिल्या तीन-चार दिवसांत थोडा गॅस वाढला तर चालतं, आठवड्यानंतरही त्रास असेल तर थांबवा.

काहींनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये: केमोथेरपी चालू असलेले, अवयव बदललेले, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणारे, मोठ्या शिरेत नळी घातलेले रुग्ण आणि अपुऱ्या दिवसांची बाळं. यांच्यात प्रोबायोटिकमधलेच सूक्ष्मजीव रक्तात शिरल्याच्या घटना घडल्या आहेत.

लहान मुलाला जुलाब लागले की आया आधी बाटली मागतात. आधी ओआरएस. जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र लिहिलेली पुडी, पुडीवर सांगितलेल्या मापाच्या पाण्यात, बहुधा एक लिटर, उकळून गार केलेल्या. अर्धी पुडी अर्ध्या लिटरात असा हिशोब करू नका, मापं चुकतात. सोबत झिंक, सहा महिन्यांवरच्या मुलाला दिवसाला २० मिलिग्रॅम, त्याहून लहानाला १०, जुलाब थांबले तरी १० ते १४ दिवस पूर्ण. फळांच्या चवीची तयार गोड पेयं म्हणजे ओआरएस नव्हे. मूल मरगळलं, डोळे खोल गेले, सहा तास लघवी झाली नाही, तर दुकान ओलांडून सरळ दवाखाना.

आता राहिला आमच्या भागाचा खास प्रश्न. खोकं इंग्रजीत, दवाखान्यातला फलक कन्नडात, आणि औषध घेणारी आज्जी वाचते फक्त मराठी, तेही चष्मा सापडला तर. म्हणून मी खोक्यावर जाड मार्करनं मराठीत लिहून देतो. 'सकाळी एक, रात्री एक. अँटिबायोटिकनंतर दोन तासांनी. गरमातून नको.' तुमच्या दुकानदारालाही लिहून मागा, संकोच नको. मी त्याखाली आणखी एक ओळ लिहितो: 'अमुक तारखेला बंद.' ही ओळ वाचून लोक थबकतात, औषध कधी बंद करायचं ते दुकानदार सांगतोय म्हणून. खानापूरच्या आज्जीनंही दोनदा वाचून घेतली. मग उरलेल्या नोटा पुन्हा गाठीत बांधल्या आणि विचारलं, "मग एका म्हशीचं दूध डेअरीला नको म्हणतोस तर?"

निदान एका वेळेचं तरी, म्हटलं.